अक्कांच्या तेलावरचा आळ

मंगळवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी यशोवर्धनने आपल्या बायकोला एक मेसेज पाठवला. तो बायकोपर्यंत पोचला खरा, पण आणखी बासष्ट माणसांना सोबत घेऊन.

मेसेज असा होता: ‘निधीच्या हनुवटीवर आणि गळ्याला लाल पुरळ आलंय. अक्कांचं तेलच असणार. मालिश बंद करू या का? त्यांना कसं सांगायचं ते तू बघ.’ खाली पुराव्यादाखल दोन फोटो. हे सगळं ‘हेब्बाळ मराठी आई-बाबा’ या ग्रुपवर जाऊन बसलं. पुण्या-मुंबई-नागपूरहून बंगळूरला नोकरीसाठी आलेल्या, लेकुरवाळ्या मराठी घरांचा तो ग्रुप. बाळाला पालेभाजी कधी द्यायची इथपासून पुरणयंत्र कुठे मिळेल इथपर्यंत सगळं तिथे विचारलं जाई, आणि जे लिहिलं जाई त्यावर लोक विश्वास ठेवत.

चूक यशोवर्धनच्या लगेच लक्षात आली. मग त्याने घाईघाईत दुसरी केली. मेसेज ‘सगळ्यांसाठी’ पुसायचा तो त्याने ‘माझ्यापुरता’ पुसला. आता तो मेसेज साऱ्या हेब्बाळात एकाच माणसाला दिसत नव्हता, आणि तो माणूस म्हणजे ज्याने लिहिला तोच.

आतल्या खोलीतून त्याची बायको आश्लेषा बाहेर आली. फोन तिने हातभर लांब धरला होता, मेलेलं झुरळ धरावं तसा.

“हे तू ग्रुपवर टाकलंस?”

“काढलं मी.”

“काढलंस? मला दिसतंय. ग्रुपवरच्या स्मितालाही दिसतंय. तिने विचारलंय, कुठलं तेल? आणि कुणीतरी लिहिलंय, आम्हीही आजच बंद करतो.”

यशोवर्धन एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर होता. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका हुडकण्याबद्दल त्याला पगार मिळे, आणि पंधरा वर्षांच्या सरावाने त्याची एक पद्धत बसून गेली होती: कालपर्यंत नीट चालणारी गोष्ट आज बिघडली, तर मधे काय बदललं ते शोधायचं. सोमवारी सकाळी अक्कांनी तेलाची नवी बाटली आणली होती. संध्याकाळी पुरळ आलं. खटला त्याच्यापुरता निकालात निघाला होता.

संध्याकाळपर्यंत अक्कांच्या पाच घरांपैकी तीन घरांनी ‘सध्या नको’ म्हणून कळवलं, त्यात स्मिताचंही एक.

या भाग्यलक्ष्मीअक्का. वय बासष्ट, पण ते त्यांच्या गुडघ्यांना कुणी सांगितलेलं नसावं. रोज सकाळी राजाजीनगरहून पहिल्या बसने निघायच्या आणि सात वाजता हेब्बाळच्या या सोसायटीच्या दारात उभ्या. बाळांना तेल लावून न्हाऊ घालायचं, हा त्यांचा चौतीस वर्षांचा धंदा. सासूबाईंचे पाय दुखायला लागले तेव्हा सासूबाईंचा पाट त्यांच्याकडे आला, आणि तेव्हापासून बंगळूरच्या दोन पिढ्या त्यांच्या नडग्यांवर पालथ्या पडून रडल्या. त्यातला एक पोरगा आता के. आर. पुरमला रेल्वेत तिकीट तपासनीस आहे. “माझ्याच पायावर मुतलाय,” अक्का सांगत, “आणि मेला मलाच तिकीट विचारतो.”

पहिल्या दिवशी यशोवर्धनने त्यांना “मावशी, तुम्ही मूळच्या कुठल्या?” असं विचारलं होतं.

“राजाजीनगर, थर्ड ब्लॉक.”

“नाही, म्हणजे मूळ गाव? महाराष्ट्रातलं?”

“ते आमच्या आजोबांच्या आजोबांनाबी ठाऊक नव्हतं. आम्ही आलो तेव्हा तुझं हेब्बाळ नुसतं शेत होतं, तम्मा. आन् मावशी नको म्हणू, अक्का म्हण.”

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. बेचाळिसाव्या वर्षी, डोक्यावर टक्कल उगवत असताना आपल्याला कुणी धाकटा म्हणतंय याचा यशोवर्धनला इतका आनंद झाला, की त्याने पुढे कधी त्यांच्याशी वाद घातला नाही. खरं तर कुणीच घालत नसे. त्यांची मराठी तीन-चारशे वर्षं कन्नडच्या शेजारी राहिलेली. ‘स्वल्प थांब’ म्हणजे जरा थांब, ‘सरी सरी’ म्हणजे बरं बरं, असं म्हणत ती येई, आणि पुण्याच्या मराठीला ती ऐकताना आपण कपाटातच राहिलो, आपली घडी कधी मोडलीच नाही असं वाटे.

नव्याने आलेल्या मराठी आया अक्कांना धरून होत्या त्या याचसाठी. मालिश करणाऱ्या बायका हेब्बाळात पुष्कळ होत्या, पण पाय पसरून, बाळाला पालथं घालून, मराठीत दटावत न्हाऊ घालणारी एकच. एकीकडून दुसरीकडे असं नाव होत होत त्यांची पाच घरं झाली होती, सगळी त्या ग्रुपमधली. आता त्याच ग्रुपने त्यातली तीन उठवली. आणि उठवणारा ज्याच्याकडे अक्का बुधवारी सकाळी सात वाजता येणार होत्या, तो.

“तूच सांग त्यांना,” आश्लेषा म्हणाली. “मी नाही सांगणार. आणि सोमवारपासून माझं ऑफिस सुरू होतंय. अक्का गेल्या तर निधीला आंघोळ कोण घालणार? तू? परवा तुझ्या हातून पाण्याचा मगच बादलीत पडला.”

बुधवारी बरोबर सात वाजता घंटी वाजली.

अक्का नेहमीसारख्या आल्या, पदर खोचला, पाटावर बसून पाय पसरले. यशोवर्धन न्हाणीघराच्या दारात उभा राहिला. रात्रभर त्याने कबुलीचं भाषण घडवलं होतं, ते त्या दारात आल्याबरोबर पाण्याच्या वाफेत विरघळलं. कबुली द्यायची ती सोडून त्याने चौकशी सुरू केली, जणू हा पुरळाशी दुरून संबंध असलेला कुणी सरकारी माणूस.

“अक्का, हे पुरळ…”

“बघितलं.”

“कशानं आलं असेल?”

“तुला काय वाटतं?”

“म्हणजे… मधे काहीतरी बदललं असेल. नवीन काहीतरी…”

“बदललं की.” अक्कांनी निधीच्या गळ्यातलं, कडेला खोलगट पन्हळ असलेलं गुलाबी रबरी लाळेरं काढलं आणि उलटं केलं. पन्हळीतून चमचाभर लाळ फरशीवर पडली. खालची बाजूही ओलीगच्च होती. “हे पन्हाळं कधी आणलंस?”

“शनिवारी. ऑनलाइन. खूप चांगले रिव्ह्यू होते…”

“पुरळ कधी आलं?”

“सोमवारी.”

“मग? शाळेत गणित नव्हतं तुला?”

दुसऱ्यांनी केलेले सगळे बदल यशोवर्धनने तपासले होते. शनिवारचा बदल स्वतःचा होता, म्हणून तो यादीतच नव्हता. जगातल्या सगळ्या सॉफ्टवेअरवाल्यांची ही एक जुनी खोड आहे, आणि तिच्यापायी तो स्वतः अनेकांवर चिडला होता.

“लाळ गळती, ती रबराखाली अडकती, कातडी दिवसभर ओली. लाल होणार नाय तर काय गोरी होणार?” अक्का म्हणाल्या. “पंधरा दिवसांमागं मी सात लाळेरी दिली होती तुला. कुठं हायत?”

ती कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती. अक्कांचे यजमान उमाजी हे जुने शिंपी. आता दुकान नाही, पण मशीन आहे, म्हणून जुन्या मऊ सुती साड्यांची ते लाळेरी शिवतात. अक्कांनी पुडकं दिलं तेव्हा यशोवर्धनने “वा, छान” म्हणून ते ठेवून दिलं होतं. पाहुण्यांनी दिलेल्या फुलदाण्या ठेवतात त्याच कप्प्यात.

“पण पंधरा दिवसांपूर्वी तर लाळ एवढी नव्हती.”

“तुला नव्हती दिसत. मला कळलं होतं.”

“कसं?”

अक्कांनी निधीला अलगद पालथं घातलं. तिचं डोकं त्यांच्या पावलांकडे आलं, आणि निधीने लगेच तोंड वळवून अक्कांच्या घोट्यावर हिरड्या घासायला सुरुवात केली. जणू तिथे खडीसाखर लावून ठेवली होती.

“हे बघ. पालथी घातली की पोरं रडतात. ही रडायचं सोडून घोटा चावायला बघती, तेव्हा मी म्हटलं, सरी, आत काय तरी चाललंय. माझा घोटा पहिल्यांदा ओळखतो, मग मी.”

“पण अ‍ॅपवर लिहिलंय की दात सहाव्या महिन्याच्या आसपास… निधी तर अजून साडेपाच महिन्यांची…”

“अ‍ॅपला सांग, पोरीला विचारून लिही. कुणाला चौथ्यात येतो, कुणाला वाढदिवस होऊन गेला तरी बोळकं. दोन्ही सरीच.” पाणी घालता घालता त्या बोलत होत्या, पाण्याची धार आणि बोलणं एका लयीत. “आन् नुसत्या लाळेवरून दात म्हणू नको. लाळ तिसऱ्या महिन्यातच सुरू होती. मूठ सगळीच खातात, मूठ फुकट असती. पण लाळ वाढली, हाताला येईल ते चावायला लागली, दूध हौसेनं ओढायला घेतलं आन् मधेच सोडून किरकिरली, एका बाजूचा कान धरून ओढला, संध्याकाळ झाली की कारण नसताना भोंगा काढला, अशा चार गोष्टी एका आठवड्यात जमल्या ना, मग हिरडी बघायची. ये इकडं. हात धुतलास?”

“सॅनिटायझर लावलंय.”

“साबणानं. नखं दाखव.”

बेचाळीस वर्षांच्या यशोवर्धनने दोन्ही हात पुढे करून नखं दाखवली. एक नख नापास झालं. ते कापून, पुन्हा हात धुऊन तो आला, तेव्हा अक्कांनी त्याचं बोट धरून निधीच्या खालच्या हिरडीवर पुढच्या बाजूला टेकवलं.

“दाबू नको. स्वल्प फिरव.”

उशीच्या अभ्र्यात बटण राहून गेलं तर हाताला लागतं, तसं काहीतरी आत होतं. टणक, बारीक. वरून हिरडी फुगलेली आणि चकचकीत. यशोवर्धनच्या अंगावर काटा आला. त्याच्या मुलीच्या आत एक आख्खा दात कुणालाही न विचारता निघाला होता, आणि हा तेलाच्या बाटलीमागे लागला होता.

तेवढ्यात निधीने बोट चावलं. बिनदाताचं चावणं असतं किती जोराचं, हे त्याला पहिल्यांदा कळलं.

“आता काय करायचं?”

“काय नाय. ओलं पुसून कोरडं ठेवायचं, घासायचं नाय, टिपायचं. वरून खोबरेल. हो, माझंच. सुती लाळेरं, भिजलं की बदल. धुवून पिळून कापड फ्रीजमध्ये ठेव, बर्फात नको, ते चघळू दे. हिरडी बधीर करायचं मलम नको, आन् ते दातासाठी गळ्यात मण्यांची माळ घालायचं खूळ तर अजिबात नको. पोरगी हाय, देव्हारा नाय.”

एवढं सगळं झालं, पण कबुली राहिलीच. अक्का निघाल्या तेव्हा यशोवर्धन “अक्का…” म्हणाला, त्या वळल्या, आणि हा म्हणाला, “चहा?”

दुपारी त्याने ग्रुपवर लिहिलं: ‘पुरळाबद्दल अपडेट: कदाचित तेल नसावं.’ हे वाक्य त्याने अकरा वेळा दुरुस्त केलं होतं, आणि दरवेळी ते आणखी पोचट झालं होतं. त्यात ‘माझी चूक’ नव्हतं, ‘अक्का’ नव्हतं. त्याच मिनिटाला कुणीतरी पहिल्या वाढदिवसाचा केक कुठे करावा असं विचारलं, आणि बासष्ट माणसं केकमागे धावली. तीन घरं बंदच राहिली. अक्कांची सकाळ आता आठ वाजताच संपे.

गुरुवारी अक्कांनी निधीला हातात घेतलं आणि परत आश्लेषाच्या हातात दिलं.

“अंग ऊन लागती. आज आंघोळ नाय.”

थर्मामीटरवर १०१.५ निघालं. आश्लेषाच्या आईने नागपूरहून फोनवर निकाल दिला, “दातांचा ताप गं, तुलापण आला होता, दोन दिवसांत जातो.” स्मिताने ग्रुपवरून तोच निकाल कायम केला. आणि यशोवर्धन, जो कालपासून दात या विषयातला तज्ज्ञ झाला होता, तो तर आणखी पुढे गेला.

“दातच ना, अक्का? काल हिरडी बघितली ना आपण. सगळं जुळतंय.”

अक्कांचा चेहरा त्याने असा कधी पाहिला नव्हता.

“दाताला ताप चिकटवू नको,” त्या म्हणाल्या. “स्वल्प कोमट लागेल, तेवढंच दाताचं. एवढा ताप आला, जुलाब झाले, पोरगं मलूल पडलं, की ते दुसरं काय तरी असतं. ते दाताच्या नावाखाली लपून बसतं.”

“पण सगळे म्हणतात…”

“मीबी म्हटलं होतं. माझ्या संताजीला आठवा महिना. ताप आला, आमच्या सगळ्या म्हाताऱ्या म्हणाल्या दात. मीच म्हटलं दात. तीन दिवस. चौथ्या दिवशी कानातून पू आला. आज पस्तीस वर्षांचा घोडा हाय, रिक्षा चालवतो, डाव्या कानानं अर्धंच ऐकतो. मी त्याला शिव्याबी उजवीकडून घालते.” त्या हसल्या नाहीत. “उठ. आत्ता जा. मी घर झाकून किल्ली वॉचमनकडं ठेवते.”

डॉक्टरांनी कान बघितला, घसा बघितला, लघवी तपासायला पाठवली. लघवीत जंतुसंसर्ग निघाला. औषध त्याच दुपारी सुरू झालं. डॉक्टर तरुण होत्या, आवाज शांत. “मुलींमध्ये हे लवकर लक्षात येत नाही,” त्या म्हणाल्या. “दात म्हणून आठवडा काढतात लोक. तुम्ही पहिल्याच दिवशी आलात ते फार बरं केलंत. आणि हनुवटीचं पुरळ लाळेचं आहे, उतरतंय. कोरडं कोण ठेवतंय?”

“आमच्या अक्का,” यशोवर्धन म्हणाला, आणि रिसेप्शनपाशी येऊन खुर्चीत बसला. आश्लेषा निधीला घेऊन समोर उभी. तिला वाटलं याला चक्कर आली. पण तो फोन काढून लिहीत होता, आणि या वेळी एकदाही दुरुस्ती न करता.

‘मंगळवारी मी अक्कांच्या तेलाबद्दल लिहिलं ते चूक होतं, आणि चूक पूर्णपणे माझी होती. पुरळ लाळेचं होतं, मी विकत आणलेल्या रबरी लाळेऱ्यामुळे. आज निधीला ताप आला, मी दात म्हणालो, अक्कांनी ओरडून डॉक्टरकडे पाठवलं. लघवीचं इन्फेक्शन निघालं. अक्का नसत्या तर मी घरी बसून राहिलो असतो. ज्यांनी माझ्यामुळे त्यांना बंद केलं, त्यांनी कृपया त्यांना फोन करावा. नंबर खाली आहे. मला शिव्या द्यायच्या असतील तर माझाही नंबर आहे.’

शिव्या फक्त दोघांनी दिल्या; मराठी माणसांच्या मानाने हे कमीच. शुक्रवारी एका घराने अक्कांना परत बोलावलं. दुसऱ्या घराने दुसरी बाई ठेवली होती आणि आता तिला काढवत नाही असं प्रामाणिकपणे सांगितलं. राहिली स्मिता.

शुक्रवारी संध्याकाळी यशोवर्धन तिच्या दाराशी गेला. स्मिताचा विराट पाच महिन्यांचा. तिच्या कडेवर बसून तो तिच्या ओढणीचं टोक असं चघळत होता की ओढणी संपवूनच उठणार.

“मेसेज वाचला मी,” स्मिता म्हणाली. “पण कळत नाही हो. एकदा मनात आलं ना की… माझा नवरा सुशांत म्हणतो, सगळं ऑरगॅनिकच वापरायचं.”

“खोबरं ऑरगॅनिकच असतं,” यशोवर्धन म्हणाला. “आणि विराटची लाळ कधीपासून एवढी? दूध मधेच सोडतो का? कान ओढतो?”

“अगदी! तुम्हाला कसं कळलं? मी तर दातांसाठी ती मण्यांची माळ मागवलीय, उद्या येतेय.”

“परत पाठवा. माळ तुटली तर मणी घशात. मी जरा हिरडी बघू का?”

त्याने बोट पुढे केलं, आणि स्मिता किंचाळली, “आधी हात धुवा!”

यशोवर्धनला अपमान वाटला नाही. अक्कांची दुसरी शिष्या आपल्यासमोर उभी आहे, हे त्याने ओळखलं. “साबणानं धुतो,” तो म्हणाला, “नखंही दाखवतो.” स्मिता हसली, आणि माळ आली तशी परत गेली. सोमवारपासून अक्कांनी यावं असं तिने त्याच्यासमोरच फोन करून सांगितलं.

रविवारी अक्का कधी येत नसत. त्या रविवारी आल्या. निधीचा ताप शुक्रवारी रात्री उतरला होता, पुरळाचा मागमूस नव्हता. उमाजींनी शिवलेलं, निळ्या काठाचं लाळेरं बांधून ती पाटाजवळच्या बादलीवर आपल्या भाषेत टीका करत होती.

“आज कशा आलात अक्का?”

“असंच.” मग त्या आश्लेषाला म्हणाल्या, “एक छोटा स्टीलचा चमचा धुवून आण. उकळून आण.”

आश्लेषाने आणला. अक्कांनी चमचा हातात घेतला नाही.

“तूच लाव. खालच्या हिरडीला, पुढं. हळू.”

आश्लेषाने चमचा टेकवला. निधीने तोंड मिटून तो आपला करून घेतला. आणि आवाज आला. बारीक, स्वच्छ: टिक.

आश्लेषा थिजली. तिने पुन्हा टेकवला. टिक.

“दात!” ती ओरडली. “यशू, दात! मी पहिल्यांदा बघितला! मी!” उद्यापासून ती नऊ-नऊ तास या मुलीपासून लांब असणार होती, आणि गेला आठवडाभर तिच्या मनात एकच भीती होती, की निधीचं सगळं पहिलंवहिलं आता दुसऱ्या कुणाला तरी दिसणार. तिने चमच्यासकट निधीला छातीशी धरलं. चमचा निधीने सोडला नाही.

मग तिने अक्कांकडे पाहिलं. “तुम्हाला कधी कळलं होतं?”

“मला काय कळतंय? मला चष्मा लागतो.”

“अक्का.”

“शनिवारी वर आला होता,” अक्का म्हणाल्या. “पण दात आईला पहिला दिसायचा असतो. चौतीस वर्षांत मी एकाबी घरी पहिला दात बघितला नाय. दिसला तरी मी आंधळी. आया हापिसला जातात, त्यांना एवढं तरी ठेवायला नको?”

आश्लेषा निधीला घेऊन आत गेली, नागपूरला फोन करायला. चमच्याचा आवाज आईला ऐकवायचा होता, त्यामुळे आतून बराच वेळ “थांब थांब, आता ऐक” असं येत राहिलं.

न्हाणीघराच्या दारात यशोवर्धन आणि अक्का दोघेच उरले. अक्कांनी पाट उभा करून भिंतीला टेकवला. आता चहा विचारून सुटता येणार नव्हतं, कारण चहा झाला होता.

“अक्का, एक सांगायचं होतं. मंगळवारी ग्रुपवर जे गेलं, तुमच्या तेलाबद्दल, ज्याच्यामुळे घरं बंद झाली… ते मी लिहिलं होतं.”

“ठाऊक हाय.”

“ठाऊक? कुणी सांगितलं?”

“मंगळवारी दुपारीच. स्मितानं फोनवर वाचून दाखवलं, तुझ्या नावासकट. ‘त्यांना कसं सांगायचं ते तू बघ,’ तेबी वाचलं.”

यशोवर्धनच्या कानाच्या पाळ्या तापल्या, हा तापही दाताचा नव्हता. बुधवारी सात वाजता वाजलेली घंटी त्याला आठवली, पसरलेले पाय, त्याच्या नखांची तपासणी, आणि त्या सबंध वेळात सगळं माहीत असलेल्या या बाईने आवाजाची एक पट्टीही वर न चढवता घातलेली ती आंघोळ.

“म्हणजे बुधवारी तुम्ही आलात तेव्हा तुम्हाला सगळं माहीत होतं? आणि तरी आलात? मला काहीच बोलला नाहीत? अक्का, तुम्हाला माझा राग नाही आला?”

अक्कांनी पदर सोडून खांद्यावर घेतला, पिशवी उचलली आणि चपला शोधता शोधता म्हणाल्या,

“आला की, पण न्हाऊ पोरीला घालायचं होतं, तुला नव्हे.”